सिंगल रायडर लाईन: एक सीट मागायच्या आधी हिशोब करा

मे महिन्यात सिंगापूर, हाँगकाँग नाहीतर ओसाका, आणि चुलत बहीण अमेरिकेत असेल तर ऑरलँडो, असे प्लॅन मुंबईत जानेवारीपासूनच शिजायला लागतात. व्हिसा, फॉरेक्स, जैन जेवण कुठे मिळेल, थेपले किती न्यायचे, सगळ्याची चौकशी होते, पण थीम पार्कमध्ये दिवसातले चार-पाच तास नुसते रांगेत जाणारेत हे कोणी धरतच नाही. मग तिथे पोचल्यावर एका राईडला ८० मिनिटांचा बोर्ड दिसतो, जादा पैसे भरून छोट्या रांगेतून सोडणाऱ्या एक्सप्रेस पासचा भाव रुपयांत करून बघितला की डोळे पांढरे होतात आणि घरात दोन पार्ट्या पडतात, एक "आता आलोच आहोत तर घेऊन टाकू" वाली आणि दुसरी "एवढ्यात महाबळेश्वर झालं असतं" वाली. या भांडणात तिसरा रस्ता कोणाच्या लक्षातच येत नाही. राईडच्या तोंडाशी, मोठ्या बोर्डाच्या बाजूला कुठेतरी एक छोटी पाटी असते, सिंगल रायडर. वेगळे पैसे लागत नाहीत, बुकिंग लागत नाही, फक्त अनोळखी माणसाच्या बाजूला बसायची तयारी लागते.

आता ही लाईन म्हणजे हमखास शॉर्टकट आहे असं समजून घुसू नका. कधी दहा मिनिटांत काम होतं आणि कधी नेहमीच्या रांगेतले लोक राईड करून, आईस्क्रीम खाऊन परत येतात तरी तुम्ही तिथेच. आणि हे सगळं नशिबावर नसतं, बऱ्यापैकी आधी ओळखता येतं. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, ते सांगतो.

रिकामी सीट येते कुठून

मुंबईकराला हे समजवायला फार कष्ट नाहीत. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला दोन जण बसले की "एक सीट, एक सीट" ओरडत असतो, आणि त्या वेळेला तुमच्या मागे उभी असलेली एकटी बाई पुढे जाऊन बसते, तुम्ही मात्र नवरा-बायको-पोरगा तिघं म्हणून पुढच्या रिक्षाची वाट बघता. सिंगल रायडर म्हणजे एवढंच. फरक इतकाच की पार्कवाल्यांनी त्या एकट्या लोकांची रांगच वेगळी केलीय.

पार्कला यात काय मिळतं? सीट. रोलर कोस्टरची ट्रेन सुटली आणि त्यात दोन सीट रिकाम्या गेल्या तर त्या गेल्याच, परत भरता येत नाहीत. दिवसभर असं होत राहिलं की शेकडो माणसं कमी बसतात आणि सगळ्यांचीच रांग लांबते. म्हणून त्या भोकांत एकटी माणसं भरायची. ही तुमच्यावर केलेली मेहेरबानी नाहीये, आणि त्यामुळेच त्यांना गरज नसेल तेव्हा ते ही लाईन सरळ साखळी लावून बंद करतात.

भोकं किती पडणार हे एका ओळीत किती सीट आहेत त्यावर ठरतं, आणि सगळा हिशोब इथेच आहे, म्हणून जरा नीट बघा.

दोन-दोनच्या ओळी असतील तर प्रत्येक विषम ग्रुप एक सीट सोडतो. तिघं आले, दोन पुढे एक मागे, त्या मागच्याच्या बाजूला तुम्ही. पाच आले तरी तेच. जोडपी आणि चौघांची कुटुंबं काहीच सोडत नाहीत. म्हणजे आई, बाबा आणि एक मूल असलेली कुटुंबं ही आपली अन्नदाती. फ्लोरिडाच्या डिस्ने ॲनिमल किंगडममधली एक्सपिडिशन एव्हरेस्ट अशी आहे, १७ ओळी, प्रत्येकी २, एकूण ३४ सीट. युनिव्हर्सल ऑरलँडोची व्हेलॉसिकोस्टर पण दोन-दोनचीच, २४ सीटची.

तीन-तीनच्या ओळी असतील तर हिशोब उलटा होतो, आता जोडपी तुमच्या कामाची. दोघं बसले, तिसरी सीट मोकळी. कॅलिफोर्नियातली रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स आणि फ्लोरिडातली टेस्ट ट्रॅक, दोन्हीच्या गाडीत तीन-तीनच्या दोन ओळी असतात. चौघांचं कुटुंब आलं तरी दोन सीट उरतात. मला विचाराल तर सिंगल रायडरसाठी सगळ्यात भारी रचना हीच, आणि म्हणूनच या दोन राईडच्या सिंगल लाईनी एवढ्या फेमस झाल्यात की तिथेही आता चांगली गर्दी असते.

चार-चारच्या ओळीत जरा गंमत आहे. तीन जण आले तर एक सीट, हे सरळ. पण दोन जण आले आणि त्यांच्या मागे तिघं उभे असतील तर दोघांच्या बाजूला दोन सीट मोकळ्या राहतात, मग स्टाफ सिंगल लाईनीतून एकदम दोघांना उचलतो. म्हणजे तुम्ही आणि तुमचा मित्र एकामागे एक उभे असाल तर चुकून शेजारी शेजारी पण बसाल. सिंगापूर युनिव्हर्सलची ट्रान्सफॉर्मर्स अशी आहे, चारच्या तीन ओळी, १२ सीट. ओसाकाच्या फ्लाईंग डायनोसॉरला चारच्या आठ ओळी, ३२ सीट. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो पण चार-चारचीच आहे, तर पुढच्या वेळी तिथे गेलात की फक्त राईडच्या स्टेशनवर, म्हणजे जिथून ट्रेन सुटते तिथे, उभं राहून बघा ग्रुप कसे बसतात आणि सीट कुठे मोकळ्या राहतात, परदेशात जायच्या आधीची फुकटची प्रॅक्टिस होऊन जाईल.

ज्या राईडला बाकडं असतं, म्हणजे बोटीत वगैरे सरकून सरकून बसायचं, तिथे ही लाईन सहसा नसते. कारण सीट मोजलेल्याच नसतात.

घरातून निघायच्या आधी ठरवायच्या गोष्टी

सगळ्यात आधी घरच्यांशी बोलून घ्या. हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय कारण राईडच्या तोंडाशी उभं राहून हा वाद घालायला गेलात तर दहा मिनिटं तिथेच जातात. आमच्या आत्याला हे समजावताना झालेला संवाद जवळजवळ असा होता:

"म्हणजे आपण सगळे एकत्र नाही बसायचं?"

"नाही ना आत्या. तू एका गाडीत, मी दुसऱ्या."

"आणि माझ्या बाजूला कोण?"

"कोणीतरी. चायनीज, जर्मन, कोणी पण."

"मग पैसे कशाला भरले रे एवढे, लोकलमध्ये बसते की मी रोज अनोळखी माणसांबरोबर."

मुद्दा आत्याचा चुकीचा नाही. ज्यांना राईडपेक्षा एकत्र किंचाळण्यात मजा आहे, पोराचा चेहरा बघायचाय, राईडवरच्या फोटोत सगळे एका ओळीत हवेत, त्यांनी या लाईनीच्या नादाला लागू नये. पण कॉलेजातली पोरं, ऑफिसचा ग्रुप, नवरा-बायकोपैकी एकालाच कोस्टरचं वेड, किंवा कामासाठी सिंगापूरला गेलेला आणि एक दिवस हातात असलेला माणूस, यांच्यासाठी हे सोनं आहे.

दुसरं म्हणजे पोरांचं वय आणि उंची. सिंगल रायडर म्हणजे तुम्ही राईडवर एकटे, तेव्हा ज्या मुलाला सोबत मोठं माणूस कंपलसरी आहे ते मूल या लाईनीत चालतच नाही. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत ७ वर्षांखालच्या मुलाबरोबर राईडवर १४ किंवा त्याहून मोठं कोणीतरी लागतंच, म्हणजे सहा वर्षांचा पोरगा उंचीत बसत असला तरी इथे नाही. सिंगापूरला ट्रान्सफॉर्मर्सला किमान उंची १०२ सेंटीमीटर, पण १२२ च्या खाली असेल तर सोबत मोठं माणूस हवं, म्हणजे ही १०२ ते १२२ मधली पोरं नेहमीच्या रांगेतूनच. तिथल्याच रिव्हेंज ऑफ द ममीला सरळ १२२ च लागतात. घरी भिंतीला टेकवून बूट काढून उंची मोजा, "आमचा बंटी उंच आहे" यावर तिथला स्टाफ विश्वास ठेवत नाही, पट्टी लावतो.

तिसरी गोष्ट भेटायची जागा. वेगवेगळ्या गाड्यांत बसलात म्हणजे बाहेर पण वेगवेगळ्या वेळी येणार, कोणी पाच मिनिटं आधी कोणी वीस मिनिटं नंतर. बऱ्याच कोस्टरना मोबाईल लॉकरमध्ये जातो, आणि एकाच सिमवर सगळ्यांना हॉटस्पॉट देणारी आपली पद्धत असते, तो हॉटस्पॉटवालाच आत अडकला की बाकीचे सगळे ऑफलाईन. म्हणून आधीच ठरवा, "बाहेर पडल्यावर जिथे राईडचे फोटो दाखवतात त्या काउंटरपाशी". नुसतं "एक्झिटला भेटू" म्हणू नका, एक्झिट बहुतेक वेळा थेट दुकानातच उघडते आणि दुकानाला दोन-तीन दारं असतात.

राईडपाशी पोचल्यावर

आधी नेहमीच्या रांगेचा बोर्ड बघा. पंधरा-वीस मिनिटं असेल तर सरळ नेहमीच्या रांगेत जा, एकत्र बसा, सिंगलचा विषय सोडा. वाचवण्यासारखं तिथे काही नसतंच. तासाच्या पुढे असेल तर मात्र सिंगलचा विचार नक्की करा, अधलं-मधलं असेल तर खालचा हिशोब.

मग पाटी शोधा. काही ठिकाणी वेगळं दार असतं, काही ठिकाणी एक्सप्रेसच्या दारातूनच आत जाऊन पुढे फाटा फुटतो, आणि काही ठिकाणी दारावरच्या स्टाफला सांगावं लागतं मगच सोडतात. शंका असेल तर एक बोट वर करून "सिंगल रायडर?" एवढं विचारा, ओसाकापासून पॅरिसपर्यंत कळतं. ती लाईन चालू आहे की बंद हे पण तेव्हाच कळेल, कारण गर्दी फार झाली की बंद करतात आणि थोड्या वेळाने परत उघडतात, वेळापत्रक नसतं. ओसाकाला तर हे दिवसभर चालू-बंद चालतं. बंद दिसली तर तिथे रेंगाळू नका, बाजूची एखादी राईड नाहीतर शो करून परत चक्कर मारा.

दारापाशी टेस्ट सीट ठेवलेली असेल, हॅरी पॉटरच्या फॉरबिडन जर्नीला असते, मोठ्या कोस्टरना असते, तर अंगाने भरलेल्या मंडळींनी लाजायचं नाही, तिथेच बसून पट्टा लागतो का बघायचं. आत स्टेशनवर सगळ्यांसमोर बार लागला नाही म्हणून उठावं लागण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि एकट्याने गेलेलं असताना सोबत चेष्टेवारी न्यायला पण कोणी नसतं.

बॅग लॉकरला. सिंगल असलात तरी त्यातून सुटका नाही. घरातलं एक माणूस राईडला येणारच नसेल, तसं असतंच कोणीतरी, तर सगळ्यांचे मोबाईल, चष्मे, टोप्या त्याच्याकडे, म्हणजे लॉकरची पण रांग वाचली.

मुख्य हिशोब: किती वेळ लागेल

बहुतेक ठिकाणी सिंगल लाईनीचा वेळ बोर्डावर नसतो. त्यामुळे लोक आत शिरतात आणि मग "आता एवढं थांबलोय तर" म्हणत अडकतात. तुम्ही स्वतः काढायचा, गणित पाचवीचंच आहे.

तीन आकडे लागतात. तुमच्या पुढे किती माणसं आहेत, दोन ट्रेनमध्ये किती वेळ जातो, आणि एका ट्रेनमध्ये सिंगलवाले साधारण किती जातात. पहिला मोजून, दुसरा घड्याळात बघून, तिसरा स्टेशन दिसत असेल तर तीन-चार ट्रेन बघून.

समजा ३२ सीटची ट्रेन आहे आणि दर दीड मिनिटाला एक सुटते. म्हणजे तासाला ४० ट्रेन, १२८० माणसं. प्रत्येक ट्रेनमध्ये सरासरी २ सिंगल घेतले तर तासाला फक्त ८०. तुमच्या पुढे २० जण असतील तर पंधरा मिनिटं, मस्त. ४० असतील तर अर्धा तास. पण पुढे ८० जण असतील तर पूर्ण एक तास! आणि ८० माणसं म्हणजे दिसायला काहीच नाही, जिन्यावरची दोन वळणं. इथेच लोक फसतात, नेहमीची रांग मैलभर दिसते आणि ही इवलीशी, म्हणून ही फास्ट असं वाटतं. नेहमीच्या रांगेत ८० माणसं म्हणजे त्याच राईडला चार मिनिटांचं काम, कारण ती रांग तासाला बाराशे खाते. लांबी बघू नका, एका ट्रेनला किती डोकी उचलली जातात ते बघा.

त्यामुळे छोट्या गाड्यांच्या राईडला जास्त सावध. डिस्नेलँड पॅरिसच्या क्रशेस कोस्टरला चार सीटचं कासवाचं कवच असतं, दोघं पुढे तोंड करून दोघं मागे, एकूण माणसंच कमी जातात, मग सिंगलवाल्यांना मिळणार तरी किती. तिथे सिंगल लाईन आहे, पण दुपारी ती पण रडवते.

एक्सप्रेसवाल्यांच्या गर्दीने सिंगल लाईन अडते का, असा प्रश्न बरेच जण विचारतात. सहसा नाही. एक्सप्रेसचे लोक वाढले की नेहमीची रांग खोळंबते, पण मोकळ्या सीट एक्सप्रेसच्या तिघांमुळे पण पडतात आणि नेहमीच्या तिघांमुळे पण, तुम्हाला काय, सीट कोणामुळेही उरू दे. अडते कधी, तर शाळेची ट्रिप आली की. शाळेची पोरं बरोबर जोड्या लावून येतात, एकही भोक पडू देत नाहीत. त्यातही दोन-दोनच्या ओळींची राईड असेल तर खेळ खल्लास. अजून एक म्हणजे ट्रेन कमी चालवत असतील तर सगळ्यांबरोबर तुम्हीही अडकता.

प्लॅटफॉर्मवर नेमकं काय होतं

रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे नीट बघा, सगळा कारभार त्याच्या बोटांवर चालतो. नेहमीच्या रांगेतून ग्रुप आला की तो विचारतो किती, ते तीन बोटं दाखवतात, तो दोघांना ४ नंबरच्या फाटकाकडे आणि एकाला ५ कडे पाठवतो, आणि त्याच दमात मान न वळवता तुमच्याकडे एक बोट वर करून ५ कडे हात करतो. एवढाच इशारा. तुम्ही त्या वेळेला इन्स्टाग्राम बघत असलात की सीट गेली, तो तुमच्या मागच्याला बोलावून मोकळा, आणि कधी कधी ट्रेनच सुटते. म्हणून पहिले पाच-सहा जण उरले की फोन खिशात आणि नजर त्याच्या हातावर.

फाटकाला नंबर दिला की तोच. "मला पुढची ओळ मिळेल का" हे इथे चालत नाही. पहिल्या ओळीसाठी काही कोस्टरना वेगळी रांग असते, तिकडे जायचं. आणि शेजारच्या ग्रुपला "तुम्ही सरका ना, आम्ही मित्र आहोत" अशी सेटिंग तर अजिबात लावायची नाही. आपले लोक इथे हमखास घाण करतात, सांगायला वाईट वाटतं पण खरंय, दोघं सिंगल लाईनीतून येतात आणि स्टेशनवर एकत्र बसायचा हट्ट धरतात. स्टाफ सरळ परत नेहमीच्या रांगेच्या शेपटाला पाठवू शकतो, आणि पाठवला तर ते बरोबरच आहे.

बसल्यावर बाजूच्याकडे बघून जरा हसा, मान हलवा, बास. त्यांच्या फॅमिलीत तुम्ही घुसलेले आहात. लहान मूल बाजूला आलं आणि आई मागच्या ओळीत असेल तर मात्र स्वतःहून स्टाफला खूण करा, ते चुटकीसरशी बदलून देतात.

काय बुडतं

सिंगल लाईनीचा रस्ता बहुतेक मागच्या दाराचा असतो. सिमेंटचा जिना, पाईप, पंखा, कधी तेही नाही. नेहमीची रांग मात्र कित्येकदा राईडइतकीच खर्च करून बनवलेली असते. एव्हरेस्टच्या रांगेत हिमालयातलं गाव, यतीचं छोटं म्युझियम असं सगळं आहे, सिंगलवाल्यांना ते दिसत नाही. ऑरलँडोत फॉरबिडन जर्नीची रांग हॉगवर्ट्सच्या किल्ल्याच्या आतून जाते, बोलणारी चित्रं, डंबलडोरचं ऑफिस. सिंगलने गेलात तर त्यातलं बरंचसं चुकतं आणि पॉटरवेडी पोरगी असेल तर घरी येईपर्यंत ऐकवेल.

स्टार वॉर्सच्या स्मगलर्स रनमध्ये तर राईडच बदलते. सहा जणांचं कॉकपिट, दोन पायलट, दोन गनर, दोन इंजिनियर. पायलटच्या हातात जहाज. सिंगल रायडरला बहुतेक वेळा मागची इंजिनियरची जागा येते, कारण ग्रुपवाले पुढच्या सीट घेतात. बटणं दाबत बसायचं.

म्हणून माझा नियम साधा आहे, जी राईड रांगेसकट बघण्यासारखी आहे ती पहिल्यांदा नेहमीच्या रांगेतून, सकाळी गेट उघडल्या उघडल्या, सगळ्यांबरोबर. आवडली तर दुपारी परत सिंगलने, मग हवी तेवढी वेळा. नुसत्या कोस्टरला, जिथे रांगेत लोखंडी पाईपांशिवाय काही नाही, तिथे पहिल्यापासून सिंगल. एका दिवसात मोठ्या राईड वसूल करायचा याहून चांगला मार्ग मला तरी सापडला नाही.

लहान बाळ असेल तर

इथे सिंगल रायडरपेक्षा वेगळी सोय बघा. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्विच. एक पालक राईड करतो, दुसरा बाळाला घेऊन थांबतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही. दारावरच आधी सांगायचं असतं, मधूनच नाही. आजी-आजोबा बाळाला सांभाळायला सोबत असतील तर मग दोघांनी सिंगलने जाऊन यायला हरकत नाही, फक्त आजींना उन्हात बाकावर तासभर बसवून ठेवू नका, समोरच्या एसी दुकानात बसवा.

कुठे वापरून बघायची

सुरुवातीला सांगितलेल्या ठिकाणांपैकी मुंबईहून सगळ्यात जवळचा आणि सोपा म्हणजे सिंगापूर. ट्रान्सफॉर्मर्स, ममी, आणि बॅटलस्टार गॅलेक्टिका, तिन्हीला सिंगल लाईन आहे आणि पार्क छोटा असल्यामुळे एका राईडची बंद असली तर दुसरीकडे दहा मिनिटांत पोचता. मेच्या शेवटापासून तिथल्या शाळांना महिन्याभराची सुट्टी लागते, तेव्हा आपल्या शाळांच्या सुट्टीचा पहिला भाग धरून गेलात तर बरं. हाँगकाँग डिस्नेलँडला बिग ग्रिझली माउंटनची सिंगल लाईन सोडू नका, दोन-दोनच्या ओळी आणि तीन माणसांची कुटुंबं भरपूर, वर सांगितलेला हिशोब तिथे छान जुळतो. ओसाकाला फ्लाईंग डायनोसॉर, हॉलिवूड ड्रीम आणि फॉरबिडन जर्नी, पण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा गोल्डन वीक असतो, तेव्हा सिंगल काय आणि डबल काय, सगळीकडे डोक्याला डोकं. ऑरलँडोत हॅग्रिडच्या मोटरबाईक कोस्टरला सिंगल जरूर करा, एक बाईकवर एक साईडकारमध्ये अशी दोन-दोनची रचना, आणि कुठली सीट मिळेल ते तुमच्या हातात नाही. ग्रुपवाले भांडून बाईकच घेतात बहुतेक, साईडकारची तयारी ठेवा.

एक्सप्रेस पास घ्यायचा का

सिंगलच्या जोरावर तो वाचू शकतो, पण सगळ्यांचा नाही. चार-पाच मोठ्या राईडवरच तुमचा जीव असेल, त्या सगळ्यांना सिंगल लाईन असेल आणि सोबत पोरं नसतील तर पास नका घेऊ. सोबत दहा वर्षांखालची दोन पोरं, आई-वडील आणि हातात एकच दिवस असेल तर सिंगलवर भरवसा ठेवून दिवस घालवण्यापेक्षा पास परवडतो. अधला पर्याय पण असतो, वेड असलेल्या दोघांनी दुपारी सिंगल मारायचे आणि बाकीच्यांनी तेवढ्यात शो बघायचा, जेवायचं. दुपारी १२ ते ४ ही सिंगलची सगळ्यात फायद्याची वेळ, कारण नेहमीची रांग तेव्हा टिपेला असते आणि कुटुंबं सगळ्या आकाराची येत असतात. संध्याकाळी उशिरा नेहमीची रांगच ओसरते, मग फरक उरत नाही.

शेवटच्या तासाबद्दल एक लक्षात ठेवा. पार्क बंद व्हायच्या आधी नेहमीच्या रांगेत शिरलेल्यांना सहसा राईड मिळते, पण सिंगलची साखळी कित्येकदा त्याच्याही आधी लागते. तेव्हा रात्रीची शेवटची राईड सिंगलवर ठेवू नका, बंद व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी नेहमीच्या रांगेत घुसा, तोपर्यंत ती रांग पण बरीच आखडलेली असते आणि सगळ्यांना एका गाडीत बसता येतं.